प्रवाळबेटांची माती आणि वऱ्हाडची काळी जमीन

जमिनीवर किरणोत्सर्गी धूळ पडली असता तेथील रहिवाशांच्या शरीराला किती प्रारण पोचेल, या प्रश्नाचे उत्तर केवळ जमीन मोजून मिळत नाही. अशी धूळ माणसापर्यंत मुख्यतः दोन वाटांनी येते. जमिनीतून निघणारे गॅमा किरण थेट शरीरावर पडतात, ही पहिली वाट. आणि पिकाची मुळे जमिनीतील किरणोत्सर्गी द्रव्य शोषून घेतात, ते धान्यात, फळांत, चाऱ्यात आणि चाऱ्यावाटे दुधात उतरते व अन्नाबरोबर पोटात जाते, ही दुसरी. पहिली वाट मोजण्यासाठी उपकरण हाती धरून शेतातून चालत गेले तरी पुष्कळसे काम होते. दुसऱ्या वाटेचा माग काढायचा असेल, तर माती, त्या मातीत उभे असलेले पीक आणि ते पीक खाणारे घर या तिन्हींचे नमुने एकमेकांशी जोडून घ्यावे लागतात. आणि पॅसिफिक महासागरातील बेटांवर अर्धशतकाहून अधिक काळ चाललेल्या कामातून ठळकपणे दिसते ते हे की, या तिन्हींपैकी एक दुवा जरी अंदाजाने भरून काढला, तरी सारे गणित कोसळते.

अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात मार्शल बेटांवर ६७ अण्वस्त्र चाचण्या केल्या, त्यांपैकी २३ बिकिनी या प्रवाळद्वीपावर झाल्या. १ मार्च १९५४ रोजी तेथे झालेला ‘कॅसल ब्राव्हो’ हा स्फोट १५ मेगाटनांचा, म्हणजे हिरोशिमावरील स्फोटाच्या सुमारे हजारपट शक्तीचा होता. त्याने उचललेला प्रवाळाचा चुरा पांढऱ्या राखेच्या रूपाने दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरील रोंगेलाप बेटावर पडला. तेथील रहिवाशांना दोन दिवसांहून अधिक काळ त्या राखेतच राहावे लागले आणि त्यानंतर त्यांना हलवण्यात आले. या घटनेचे पडसाद भारतातही उमटले. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या स्थगित ठेवण्याच्या कराराची मागणी केली, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांनी प्रारणाच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी जी वैज्ञानिक समिती नेमली, तिच्यात भारताचे प्रतिनिधित्व मुंबईचे विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी केले. जगभरातील माती, पाऊस, दूध आणि धान्य यांच्या मोजमापांची एकत्र छाननी या समितीने केली, ही गोष्ट मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मोठ्या स्फोटांची धूळ स्फोटाच्या जागेपुरती राहत नाही. तिचा सूक्ष्म भाग वातावरणाच्या वरच्या थरांत जाऊन महिनोन्महिने, कधी वर्षभराहूनही अधिक काळ पृथ्वीभोवती फिरतो आणि मुख्यतः पावसाबरोबर खाली येतो. अमरावतीजवळ पेढी नदीच्या काठी वसलेल्या ज्या वलगावात २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगे महाराजांचे निर्वाण झाले, त्या वलगावच्या वावरांवरही त्या दशकातील पावसाने या धुळीचा सूक्ष्म अंश आणून टाकला, तसा तो जगातील जवळजवळ प्रत्येक शिवारावर टाकला. त्याच वर्षी मे ते जुलै या महिन्यांत बिकिनी आणि मार्शल बेटांतीलच एनेवेटक येथे चाचण्यांची एक मोठी मालिका पार पडली होती. वऱ्हाडात पडलेला अंश बेटांवरील साठ्याच्या तुलनेत नगण्य होता, हे खरेच. तथापि बेटांच्या जमिनीचे आणि वऱ्हाडच्या जमिनीचे वर्तन शेजारी ठेवून पाहिले म्हणजे मातीचे आणि पिकाचे नमुने एकत्र का घ्यावे लागतात, हे जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कोणत्याही उदाहरणाने होत नाही.

दीर्घकालीन धोक्याच्या दृष्टीने या धुळीतील दोन द्रव्ये महत्त्वाची आहेत. सीझिअम-१३७ या समस्थानिकाचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचा निम्मा साठा नष्ट होण्यास लागणारा काळ, सुमारे ३० वर्षांचे आहे, आणि स्ट्रॉन्शिअम-९० चे सुमारे २९ वर्षांचे. सीझिअमचे रासायनिक वर्तन पालाशसारखे, म्हणजे पोटॅशिअमसारखे असते, तर स्ट्रॉन्शिअमचे कॅल्शिअमसारखे. मुळांना त्यांच्यातील फरक नीट ओळखता येत नाही, आणि म्हणून ज्या जमिनीत पालाश कमी असेल तेथे पीक सीझिअम अधिक ओढते, तर जेथे चुना भरपूर असेल तेथे स्ट्रॉन्शिअमचा शिरकाव कमी होतो. प्रवाळबेटांची माती जवळजवळ पूर्णपणे कॅल्शिअम कार्बोनेटची बनलेली असते, तिच्यात चिकणमाती नसतेच आणि पालाशही अत्यल्प असतो. परिणामी तेथे स्ट्रॉन्शिअमचा उपद्रव मर्यादित राहिला आणि सीझिअम मात्र नारळ, केवडावर्गीय पँडनस आणि विलायती फणस या बेटवासीयांच्या मुख्य अन्नात सहजपणे शिरले.

वऱ्हाडची काळी जमीन याच्या उलट टोकाला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हारसापासून बनलेल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून ती तयार झाली असून तिच्यात चिकणमातीचे प्रमाण कित्येकदा निम्म्याहून अधिक असते. या चिकणमातीचे कण अतिशय पातळ थरांचे असतात. थरांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्भार असल्याने धनभारित सीझिअम त्यांना चिकटते आणि चिकणमातीतील अभ्रकवर्गीय कणांच्या झिजलेल्या कडांमध्ये तर ते पुस्तकाच्या पानांत दडपलेल्या पिंपळपानासारखे अडकून बसते. त्यातच या जमिनीत पालाश सामान्यतः मुबलक असतो आणि चुनखडीही असते. सारख्याच प्रमाणात सीझिअम असलेल्या दोन जमिनींपैकी प्रवाळबेटावरच्या जमिनीत वाढलेले पीक घातक ठरू शकते आणि काळ्या जमिनीत वाढलेले निर्धोक, इतका हा फरक मोठा आहे.

हा फरक मोजण्यासाठी ‘स्थानांतर गुणांक’ वापरतात. पिकाच्या खाण्याच्या भागातील एका किलोमागचा किरणोत्सर्ग भागिले त्याच जागच्या कोरड्या मातीतील एका किलोमागचा किरणोत्सर्ग, एवढाच त्याचा अर्थ. किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक बेकरेल हे असून एका सेकंदात एका अणुगर्भाचा क्षय म्हणजे एक बेकरेल. चिकणमातीच्या जमिनीत वाढलेल्या तृणधान्यासाठी सीझिअमचा हा गुणांक साधारणतः एक शतांशाच्या आसपास येतो, तर प्रवाळबेटांवरील नारळासाठी तो एकाच्याही वर जातो. म्हणजे तेथे मातीपेक्षा फळात सीझिअम अधिक असू शकते. गुणांक काढण्यासाठी दोन्ही नमुने एकाच जागचे असणे अपरिहार्य असते. माती एका शेतातली आणि ज्वारी बाजारातली, असे झाले तर भागाकार करता येतो, पण त्यातून कसलाही बोध होत नाही.

मातीचा नमुना घेण्याची रीत महाराष्ट्रातील शेतकऱ्याला अपरिचित नाही, कारण माती परीक्षणासाठी तो अनेक वर्षांपासून माती देत आला आहे आणि २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेमुळे ती रीत गावोगाव पोचली आहे. शेतातून नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे घेणे, धुरा, विहीर, झाडाची सावली आणि उकिरड्याची जागा टाळणे, सगळी माती गोणपाटावर मिसळून तिचे चार भाग करणे आणि समोरासमोरचे दोन भाग टाकत टाकत शेवटी अर्धा किलो उरवणे, ही चौथाई पद्धत किरणोत्सर्गाच्या मापनातही उपयोगी पडते. तथापि दोन बाबतींत ती बदलावी लागते. पहिली बाब खोलीची. खतासाठीच्या परीक्षणात वीतभर खोलीची माती एकत्र केली तरी चालते, पण धूळ वरून पडलेली असल्याने ती किती खोल उतरली हे येथे कळावे लागते. म्हणून पोलादी नळी जमिनीत ठोकून मातीचा अखंड गाभा काढतात आणि पाच-पाच सेंटिमीटरचे थर वेगळे करून प्रत्येक थर स्वतंत्रपणे मोजतात. दुसरी बाब क्षेत्रफळाची: किती किलो मातीत किती बेकरेल, याबरोबरच किती चौरस मीटरवर किती बेकरेल, हेही लागते, आणि त्यासाठी नळीचा व्यास व थराचे वजन काटेकोरपणे नोंदवावे लागते.

काळ्या जमिनीत यात एक खास अडचण येते. उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या रुंद आणि कधीकधी मीटरभर खोल भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडत राहते आणि पावसाळ्यात जमीन फुगली की ती आत दबून जाते. अशा रीतीने वरचे सीझिअम पाण्याने विरघळून न जाताही खाली पोचू शकते. भेगेवर नळी ठोकली तर एक चित्र दिसते आणि भेगेपासून हातभर अंतरावर ठोकली तर दुसरे. म्हणून एकाच जागी अनेक गाभे घेणे, आणि जेथे नांगर लागलेला नाही अशी गायरानाची किंवा जुन्या देवळाच्या आवारातील सपाट जागा संदर्भासाठी निवडणे आवश्यक ठरते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जेथे मातीतील सोडिअम वाढलेला असतो आणि पाण्याचा निचरा होत नाही, तेथील नमुने गोड्या पाण्याच्या पट्ट्यातील नमुन्यांत कधीही मिसळू नयेत. दोहोंच्या सरासरीने कोणत्याच जमिनीचे वर्णन होणार नाही.

पिकाचा नमुना घेताना अधिक विचार करावा लागतो. ज्वारीच्या एका ताटात दाणा, कडबा आणि मूळ यांत सीझिअम सारखे वाटलेले नसते. दाण्यापेक्षा ते कडब्यात अधिक राहते, आणि कडबा जनावराच्या पोटात गेल्याने दुधाची वाट उघडते. माणसाच्या ताटात जे येते तेच मोजायचे, हा नियम म्हणून पाळावा लागतो: तूर सालीसकट नव्हे तर डाळ करून, संत्रे सोलून, पालेभाजी घरात धुतात तशी धुऊन. धुण्याआधीचा नमुनाही ठेवतात, कारण पानावर चिकटलेली धूळ आणि मुळावाटे आत गेलेले द्रव्य यांतील फरक त्यावरूनच कळतो. प्रत्येक नमुन्याचे ओले वजन, वाळवल्यानंतरचे वजन आणि जाळून राख केल्यास राखेचे वजन ही तिन्ही नोंदवली जातात. ओल्या वजनावरचा आकडा कोरड्या वजनाचा समजला गेला, तर पालेभाजीच्या बाबतीत दहापट चूक सहज होते.

प्रारणाने घडवलेले वाणही किरणोत्सर्गी असतात, या गैरसमजाचे येथे निराकरण करणे उचित ठरेल. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून ‘टीएयू-१’ हे उडदाचे आणि ‘टीएआरएम-१’ हे मुगाचे असे वाण विकसित केले असून या नावांतील पहिली दोन अक्षरे ट्रॉम्बे आणि अकोला यांचीच आहेत. अशा कामात बियाण्यावर प्रारणाचा मारा करून त्याच्या आनुवंशिक रचनेत बदल घडवतात आणि त्यांतून चांगला वाण निवडतात. किरण बियाण्यातून निघून जातात, मागे कोणतेही किरणोत्सर्गी द्रव्य उरत नाही, आणि त्यानंतरच्या पिढ्यांचा दाणा इतर कोणत्याही दाण्याइतकाच निर्धोक असतो. ज्या नमुन्यांचा विचार या प्रकरणात चालला आहे, त्यांत प्रश्न द्रव्य मागे उरण्याचा आहे.

प्रयोगशाळेत वाळवलेली, चाळलेली माती ठरावीक आकाराच्या डब्यात भरून अतिशुद्ध जर्मेनिअमच्या शोधकावर ठेवतात. हा शोधक द्रवरूप नायट्रोजनने गोठवलेला आणि शिशाच्या जाड भिंतींत बंदिस्त असतो, आणि त्यावर आदळणाऱ्या प्रत्येक गॅमा किरणाची ऊर्जा तो वेगळी ओळखतो. सीझिअम-१३७ चा किरण ६६२ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टवर दिसतो, तर निसर्गतः सर्वत्र असलेल्या पोटॅशिअम-४० चा १४६० वर. किरणोत्सर्ग क्षीण असल्यास एकेक नमुना कित्येक तास, प्रसंगी पूर्ण दिवसभर, शोधकावर ठेवावा लागतो. स्ट्रॉन्शिअम-९० मधून गॅमा किरण निघत नाहीत, केवळ बीटा कण निघतात. त्यामुळे ते रासायनिक क्रियांनी वेगळे काढावे लागते आणि त्याच्या क्षयातून यिट्रिअम-९० पुरेसे तयार होईपर्यंत सुमारे दोन आठवडे थांबावे लागते. म्हणूनच कोणत्याही सर्वेक्षणात सीझिअमचे आकडे शेकड्यांनी आणि स्ट्रॉन्शिअमचे मोजके असतात.

पोटॅशिअम-४० चा उल्लेख वाचकाने विसरू नये. प्रौढ माणसाच्या शरीरात त्याचे सुमारे चार हजार बेकरेल सदैव असतात, आणि डाळ, बटाटा, केळे अशा प्रत्येक अन्नातून ते येत राहतात. माणसाला निसर्गतःच मिळणाऱ्या प्रारणाची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मानली जाते. मिलिसिव्हर्ट हे शरीराला पोचलेल्या प्रारणाच्या जैविक परिणामाचे एकक आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात युरेनिअम आणि थोरिअम कमी असल्याने वऱ्हाडच्या जमिनीतून निघणारे नैसर्गिक किरण ग्रॅनाइटच्या प्रदेशापेक्षा कमी, आणि केरळच्या मोनाझाइटयुक्त वाळूपेक्षा तर कितीतरी कमी असतात. माणसाच्या कृतीने पडलेली भर किती, हे ठरवण्याआधी ही मूळची पातळी ठाऊक असावीच लागते.

महाराष्ट्रात हे तत्त्व शिस्तीने अमलात आले ते तारापूरला. तेथील अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, पण भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळेने त्याच्या काही वर्षे आधीच परिसरातील पाणी, माती आणि अन्न यांची मोजमापे सुरू केली होती, आणि पुढे प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ अशी प्रयोगशाळा असण्याचा पायंडा पडला. समुद्राचे पाणी, गाळ, मासळी, पिण्याचे पाणी, माती, धान्य, भाजीपाला आणि दूध यांचे नमुने तेथे नियमितपणे घेतले जातात. किनाऱ्यावरील कोळी कुटुंबाच्या आहारात मासळीचा वाटा शहरी कुटुंबापेक्षा पुष्कळ मोठा असल्याने सरासरी माणूस धरून हिशेब करणे तेथे अन्यायाचे ठरले असते. म्हणून ज्या गटाला सर्वाधिक मात्रा पोचण्याचा संभव आहे, त्याच गटाचा आहार हिशेबात धरतात. सर्वसामान्य नागरिकासाठी अशा केंद्रांमुळे होणाऱ्या अतिरिक्त मात्रेची मर्यादा वर्षाला एक मिलिसिव्हर्ट आहे.

आहाराचा दुवा किती निर्णायक असतो, हे बिकिनीने फार मोठी किंमत देऊन दाखवले. १९४६ साली तेथून हलवण्यात आलेल्या रहिवाशांना परतता येईल, असे अमेरिकेने १९६८ मध्ये जाहीर केले, बेटाची सफाई केली, नारळाची हजारो झाडे नव्याने लावली आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी काही कुटुंबे परतली. परतण्याचा निर्णय झाला तेव्हा ही झाडे फळाला आलेली नव्हती, म्हणजे ज्या अन्नावर सारा निष्कर्ष अवलंबून होता त्याचाच पुरेसा नमुना उपलब्ध नव्हता; शिवाय लोक नारळ किती खातील याचा अंदाज प्रत्यक्षाहून फार कमी धरला गेला होता. दशकाच्या मध्यावर झाडे फळू लागली आणि रहिवाशांच्या शरीरातील सीझिअम अल्पावधीत कित्येक पटींनी वाढले. १९७८ मध्ये त्यांना पुन्हा बेट सोडावे लागले. माती मोजणारे कुशल होते आणि त्यांची उपकरणे चोख होती. उणीव राहिली ती घराघरांत जाऊन काय शिजते हे पाहण्यात, आणि तिचे प्रायश्चित्त ज्यांनी कोणतीही चूक केली नव्हती त्यांना भोगावे लागले.

वऱ्हाडात अशी पाहणी करायची झाल्यास हाच दुवा वेगळ्या रीतीने फसवील. वलगावच्या आसपासच्या शेतांत कापूस आणि सोयाबीन यांचे क्षेत्र मोठे आहे, पण कापूस जिनिंगला जातो, सोयाबीन बाजार समितीमार्फत तेलाच्या कारखान्यात जाते, आणि रोजच्या जेवणातला गहू व तांदूळ कित्येक घरांत रेशन दुकानातून येतो, जो परप्रांतात पिकलेला असतो. घरच्या वावरातून ताटात येते ती बहुधा तूर, थोडी ज्वारी, आंतरपिकाचा मूग-उडीद, परसातील भाजी आणि गोठ्यातील दूध. क्षेत्रफळाच्या प्रमाणात पिकांचे नमुने घेतले, तर जे कोणी खात नाही त्याचेच ढीग प्रयोगशाळेत जमतील.

हिशेबाची रीत एका कल्पित उदाहरणाने समजेल. एखाद्या प्रौढाने वर्षभर रोज ४०० ग्रॅम ज्वारी खाल्ली आणि तिच्यात किलोमागे १० बेकरेल सीझिअम-१३७ असले, तर वर्षाला सुमारे १४६० बेकरेल पोटात जातात. प्रौढासाठी हजार बेकरेलमागे ०.०१३ मिलिसिव्हर्ट हा मान्य गुणक धरता मात्रा ०.०१९ मिलिसिव्हर्ट येते, म्हणजे निसर्गतः मिळणाऱ्या मात्रेचा शंभरावा भागही नाही. बेटावरील माणसाने किलोमागे हजार बेकरेल असलेला नारळ रोज ३०० ग्रॅम खाल्ला, तर तोच हिशेब १.४ मिलिसिव्हर्टवर जातो, आणि तोही केवळ एका पदार्थाचा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात, बिकिनीवर राहून केवळ स्थानिक अन्न खाणाऱ्यास वर्षाला सुमारे १५ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळेल असा अंदाज दिला असून त्या स्थितीत तेथे कायमची वस्ती करू नये अशी शिफारस केली आहे.

याच संशोधनातून उपायही निघाला. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी बेटावरील नारळीच्या बागांना पालाशयुक्त खत दिले, तेव्हा फळांतील सीझिअम नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. वरची माती खरवडून काढण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळ सौम्य आहे, कारण प्रवाळबेटावर जी थोडी सेंद्रिय सुपीकता असते ती त्या वरच्या थरातच असते आणि तो थर काढला की झाडेच जगत नाहीत. म्हणून माती काढायची ती घरांच्या आणि अंगणांच्या भोवती, आणि बागांना पालाश द्यायचा, अशी जोड सुचवली गेली.

पुन्हा पुन्हा नमुने घेत राहिल्याने आणखी एक गोष्ट उघड झाली. बेटांवरील वनस्पतींतील सीझिअम ३० वर्षांनी नव्हे, तर सुमारे साडेआठ वर्षांतच निम्मे होते, कारण पावसाचे पाणी त्याला मुळांच्या थराखाली वाहून नेते. चिकणमाती नसल्याने जे सीझिअम पिकात सहज शिरते तेच जमिनीतून सहज धुऊनही जाते. काळ्या जमिनीत याच्या अगदी उलट घडते. तेथे सीझिअम पिकात फारसे शिरत नाही, पण निघूनही जात नाही, आणि नांगर व भेगा यांनी केलेली सरमिसळ सोडली तर त्याचे प्रमाण मुख्यतः स्वतःच्या क्षयानेच घटते. त्यामुळे बेटावर दोन-तीन वर्षांच्या अंतराने फळांचे नमुने घेत राहणे आणि जुने गुणांक वारंवार तपासणे गरजेचे असते, तर चिकणमातीच्या प्रदेशात पिकांचे मोजमाप विरळ झाले तरी चालते, मात्र मातीतील साठा आणि तिच्यातून निघणारे गॅमा किरण यांची नोंद दीर्घकाळ ठेवावी लागते.

मार्शल बेटांतील रोंगेलाप, एनेवेटक आणि माजुरो येथे आता संपूर्ण शरीरातील सीझिअम मोजणारी उपकरणे बसवलेली आहेत. माणूस काही मिनिटे खुर्चीवर बसला की त्याच्या शरीरातील बेकरेलची संख्या कळते, आणि ती उपकरणे चालवण्याचे प्रशिक्षण स्थानिक तंत्रज्ञांना देण्यात आले आहे. प्रौढ शरीरातील सीझिअम साधारण साडेतीन महिन्यांत निम्मे बाहेर पडत असल्याने या मोजणीतून गेल्या काही महिन्यांच्या खऱ्या आहाराचे प्रतिबिंब मिळते. माती आणि नारळ यांच्या नमुन्यांवरून केलेला हिशेब या आकड्याशी जुळला नाही, तर दुरुस्ती हिशेबात केली जाते.